वणीहून समुद्राकडे

विदर्भातल्या वणीचे पाणी समुद्राला मिळते ते पूर्वेकडे. गावालगत वाहणारी निर्गुडा वर्धेला मिळते. वर्धा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते आणि दोघींची मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात अनेक मुखांनी बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. तरी त्या जवळच्या समुद्राकडे पाठ करून ती सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाते, कारण दख्खनचे पठारच पूर्वेला उतरते. वणीच्या माणसाने समुद्र म्हटले की मुंबईकडे पाहावे, ही रेल्वेने लावलेली सवय आहे. पाण्याची वाट उलट्या दिशेची आहे.

याच वाटेने समुद्रापर्यंत नावा नेण्याचा मोठा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला आणि सोडून द्यावा लागला. तो का सोडावा लागला हे पाहत गेले, तर नाव आणि समुद्र यांच्या नात्याचा बराच उलगडा होतो. कोणतीही नाव एका ठराविक पाण्यासाठी बांधलेली असते. पाण्याची खोली, ओढ, लाट आणि खारेपणा बदलला की नावेचा तळ, बाजू आणि तिला चालवणाऱ्यांचे कसबही बदलावे लागते. ही वाट मी हिवाळ्यात पाहिली. जिथे रस्ता नदीकाठाने जातो तिथे एसटीने, जिथे उतारू नेणारा डोंगा मिळाला तिथे डोंग्याने. पुढचा क्रम त्या प्रवासाचाच आहे.

समुद्र वणीला अगदीच परका नाही. राजूरच्या भट्ट्यांतून ज्या दगडाचा चुना निघतो आणि मुकुटबनकडे ज्याच्यावर सिमेंट उद्योग उभा राहिला, तो चुनखडक प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. भूवैज्ञानिक त्याला पैनगंगा संघातील खडक म्हणतात आणि त्याचे वय ढोबळमानाने शंभर कोटी वर्षांच्या आसपास धरतात. त्याच परिसरातला दगडी कोळसा मात्र समुद्राचा नव्हे. तो गोंडवन काळातील, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या, नद्या आणि दलदलींच्या गाळात तयार झाला. हा गाळ साचला तो जमीन खचून बनलेल्या एका लांबच लांब खोलगट पट्ट्यात. वर्धेच्या खोऱ्यातून प्राणहिता आणि गोदावरीच्या कडेने आग्नेयेला जाणारा तो पट्टा आजही नद्यांना वाट देतो. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वृक्षांचे जीवाश्म सापडले आहेत, तेही याच पट्ट्यातले. वणी आणि समुद्र यांना जोडणारी ही खाच माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी पडलेली आहे.

वणी-वरोरा रस्ता पाटाळ्याच्या पुलावरून वर्धा ओलांडतो. पावसाळ्यात या पुलावर पाणी चढले की वाहतूक थांबते. हिवाळ्याच्या शेवटी त्याच पुलाखाली वाळूचे पट्टे, मध्ये एक अरुंद धार आणि इकडेतिकडे साचलेले डोह एवढेच उरते. वर्धेवरच्या नावेचा सगळा आकार या एका गोष्टीने ठरवला आहे. वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांवर चालतो तो डोंगा. पूर्वी एका मोठ्या खोडाला कोरून तो केला जाई, आता फळ्यांचे आणि लोखंडी पत्र्याचे डोंगे अधिक दिसतात. तळ सपाट, बाजू बुटक्या, दोन्ही टोके जवळपास सारखी. वल्हे असते, पण उथळ पाण्यात नावाडी लांब बांबू तळाशी रोवून डोंगा पुढे ढकलतो. ढीवर आणि भोई समाजांच्या पिढ्यान्‌पिढ्या या कामात गेल्या आहेत. डोह कुठे आहे, वाळू यंदा कुठे सरकली, पाय टेकतील असा उतार कुठला, हे त्यांना पाण्याच्या रंगावरून कळते. ते ज्ञान कुठल्या नकाशात नाही आणि दर पावसाळ्यानंतर नव्याने मिळवावे लागते.

सपाट तळाला कारण आहे. नाव आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते तेव्हाच तरंगते. तळ जितका रुंद, तितके तेच वजन कमी खोलीत मावते. म्हणून वीतभर पाण्यातूनही डोंगा निघून जातो. शिवाय रुंद तळाची नाव शांत पाण्यात पहिल्या धक्क्याला फारशी कलत नाही, त्यामुळे बसणाऱ्याला ती भक्कम वाटते. तिचा धोका मात्र इथेच आहे. बाजू बुटक्या असल्याने थोडी अधिक माणसे चढली की काठ पाण्यापासून चार बोटांवर येतो. मग प्रवाहाची एखादी उसळी किंवा एका बाजूला झुकलेली दोन माणसे पुरेशी होतात, आणि एकदा काठ पाण्याखाली गेला की डोंगा पुन्हा सावरत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून एका कुटुंबातली माणसे गेली. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे मिरची तोडणीला निघालेल्या महिलांचा डोंगा वैनगंगेत उलटला. दोन्ही ठिकाणी समुद्र शेकडो किलोमीटर दूर होता. पूल नसलेल्या काठावर मजुरीसाठी नदी पार करणाऱ्या बाईला बंदरातल्या खलाशाइतकाच जीवरक्षक पट्टा हवा, आणि तो तिला कुणी देत नाही, ही या नद्यांवरची सर्वांत दुःखाची गोष्ट आहे.

समुद्रावरच्या नावेची रचना याच्या उलट. तिला खोल पाणी मिळते, म्हणून तळाला लांब कणा देता येतो. कणा तिला वाऱ्याने आडवे सरकू देत नाही आणि शिडाच्या जोराला तोलून धरतो. तळाशी ओझे भरले की वजनाचा मध्य खाली जातो, आणि लाटेने बरीच कलंडली तरी नाव पुन्हा उभी राहते. नाळ उंच आणि निमुळती ठेवतात, म्हणजे लाट कापली जाते आणि आत येत नाही. डोंगा समुद्रात नेला तर लाटेच्या उतारावर तो उतारासारखाच तिरपा होईल. कण्याची नाव वर्धेत आणली तर पहिल्याच वाळूपट्ट्यावर बसेल. लांबीचाही हिशेब निराळा. पाणी कापत जाणाऱ्या नावेला तिच्या लांबीने ठरणाऱ्या वेगापलीकडे जायला फार जोर लागतो. पाण्यालगतची लांबी छत्तीस फूट असलेल्या नावेसाठी ही मर्यादा आठ नॉटच्या आसपास येते. म्हणून लांब पल्ल्याची गलबते लांब होत गेली. नदीच्या वळणावर मात्र लांबीच आडवी येते.

वणीच्या खाली वर्धेला पैनगंगा मिळते ती घुग्घूसजवळच्या वढा येथे. कार्तिकात इथे विठ्ठलाची मोठी यात्रा भरते. संगमावरून पाहिले तर नदी एकाएकी रुंद झालेली दिसते, आणि इथून पुढे नावा जाऊ शकतील असा भरवसा एखाद्या अभियंत्याला का वाटला असेल हे समजते. पुढे बल्लारपूरला नदीकाठी गोंड राजांचा किल्ला आहे. चांद्याचे हे राज्य अठराव्या शतकाच्या मध्यात नागपूरकर भोसल्यांकडे गेले.

या भोसल्यांना पूर्वेचा समुद्र ठाऊक होता, ही गोष्ट विदर्भात आता फारशी आठवली जात नाही. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी झालेल्या तहानंतर ओरिसा रघूजी भोसल्यांच्या ताब्यात आला आणि कटकेपासून बालेश्वरपर्यंतचा किनारा अर्धशतक नागपूरच्या अमलाखाली राहिला. बालेश्वर हे त्या काळी युरोपी व्यापाऱ्यांच्या वखारींचे बंदर होते. मात्र कोकणात शिवाजी महाराजांनी आणि पुढे आंग्र्यांनी गुराबा, गलबते बांधून समुद्रावर जशी सत्ता उभी केली, तसे आरमार नागपूरकरांनी उभारले नाही. किनारा त्यांनी जमिनीच्या बाजूने सांभाळला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात कटक आणि बालेश्वर गेले, आणि त्याच तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूखही गेला, ज्यात वणी येते. तो निजामाला देण्यात आला. नागपूरचा समुद्र आणि वणीचा काठ एकाच कागदावर हातचे गेले.

पन्नास वर्षांनी वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला तेव्हा, १८५३ मध्ये, चित्र बदलले होते. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो बहुतांशी अमेरिकेतून येत होता. एकाच देशावर विसंबणे धोक्याचे आहे, असे मँचेस्टरचे व्यापारी सांगत होते. वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून शेकडो मैल तुडवत किनाऱ्याला जाई. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी. भाडे इतके पडे की माल चांगला असूनही बाजारात टिकत नसे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव मोठे होते, पण नावाने भाडे कमी होत नाही.

यावर सर आर्थर कॉटन यांचे उत्तर पाणी हे होते. मद्रास इलाख्यातील या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा घातला आणि त्रिभुज प्रदेशातल्या दुष्काळी मुलखाला कालव्यांनी भिजवले. ते कालवे केवळ सिंचनाचे नव्हते, त्यांतून नावाही चालत. भारताला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील, असे कॉटन आयुष्यभर मांडत राहिले. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा हा मार्ग मोकळा केला, तर वऱ्हाडचा कापूस प्रवाहाबरोबर थेट कोरिंगा आणि काकीनाड्याच्या बंदरांना उतरेल, ही त्यांची कल्पना. तिला मँचेस्टरचा पाठिंबा मिळाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस थांबला आणि योजनेला निकड आली. १८६२ पासून मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असलेले रिचर्ड टेंपल तिचे समर्थक होते. प्रत्यक्ष कामाची धुरा कॅप्टन हेग यांच्याकडे होती.

अडचण खडकाची होती. नदी ज्या खोलगट पट्ट्यातून वाहते त्याला आडवे गेलेले कठीण खडक तीन ठिकाणी पात्रात वर येतात. पहिला अडसर भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे. दुसरा इंद्रावती गोदावरीला मिळाल्यावर थोडे खाली, इंचमपल्ली येथे. तिसरा प्राणहितेवर, आजच्या अहेरी तालुक्यातील देवलमरी येथे. प्रत्येक ठिकाणी मैलोन्‌मैल धारेला उतार, खडकांच्या रांगा आणि भोवरे. यावर उपाय ठरला तो असा. पात्रात बंधारा घालून पाणी अडवायचे, खडकांना वळसा घालणारा कालवा काढायचा आणि कालव्यात जलपाश बांधायचे. जलपाश म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची कोठी. नाव आत घेऊन वरचा दरवाजा बंद करतात, खालच्या बाजूने पाणी हळूहळू सोडतात, नाव पाण्याबरोबर खाली उतरते आणि मग खालचा दरवाजा उघडतात. चढायचे असेल तर हाच क्रम उलटा. यंत्राच्या मदतीवाचून शेकडो मण माल वर-खाली होतो.

देवलमरीपाशी प्राणहितेच्या काठी उभे राहिले म्हणजे या कामाचा आवाका कळतो. दोन्ही बाजूंना सागाचे जंगल, हिवाळ्यातही रुंद पात्र आणि काळे खडक. इथे मजूर टिकवणे सर्वांत अवघड होते. हिवतापाने माणसे पडत आणि रस्ते नव्हते. दुम्मागुडेमचा बंधारा आणि कालवा झाला, वरच्या अडसरांवरही काम चालले, लहान आगबोटी मधल्या पात्रांतून फिरल्या. पण १८७१ मध्ये सरकारने योजना गुंडाळली. घातलेला पैसा परत येईल अशी आशा उरली नव्हती.

या अपयशाचे खापर खडकांवर फोडले जाते. मला ते अपुरे वाटते. खडक फोडता येतात, ऋतू फोडता येत नाही. या नद्यांना बर्फाचे पाणी नाही. जून ते सप्टेंबर पूर, ऑक्टोबरपासून उतरती, फेब्रुवारीत पात्र उघडे. कापूस वेचणीला येतो तो दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला, आणि वेचा माघापर्यंत चालतो. सरकी काढून, गठ्ठे बांधून माल घाटावर यायचा तेव्हा नदी आटत चाललेली असणार. पुरात नाव चालेल इतके पाणी असते, पण तेव्हा माल नसतो, आणि चढत्या नावेला ती ओढ कापवत नाही. म्हणजे गठ्ठे वर्षभर राखून पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची. कुठला व्यापारी भांडवल इतके अडकवून ठेवील? समुद्र बारा महिने समुद्र असतो. तिथे वादळाचे दिवस टाळायचे असतात, पाण्याची वाट पाहावी लागत नाही. नदीला समुद्राचा लांबलेला बाहू मानणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट पुरेशी आली नाही.

मध्यंतरी रेल्वे पोहोचली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला आला. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबई युरोपला हजारो मैलांनी जवळ झाली. वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत रेल्वेची शाखाही आली. वणी तेव्हा एका जिल्ह्याला नाव देणारे गाव होते. कचेऱ्या यवतमाळला असूनही १९०५ पर्यंत तो वणी जिल्हाच म्हटला जाई. त्या जिल्ह्याचा कापूस शेवटी समुद्राला मिळाला, पण पश्चिमेच्या. कॉटन यांनी कल्पिलेली पूर्वेची वाट ओस पडली.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत पैनगंगा आणि वर्धा मिळून क्रमांक ७८ चा जलमार्ग आहे, आणि वैनगंगा-प्राणहितेलाही क्रमांक मिळालेला आहे. क्रमांक मिळाल्याने पाणी वाढत नाही. धरणांमुळे आता उन्हाळ्यातली धार दीडशे वर्षांपूर्वीपेक्षाही शहाणपणाने वाटून घ्यावी लागते, आणि शेतीच्या आधी नावेचा हक्क कुणी मागणार नाही, मागूही नये.

सिरोंचा हे कॉटन यांच्या योजनेच्या काळी अपर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. पलीकडे तेलंगणातले कालेश्वरम. पूल होण्यापूर्वी या दोन काठांमधले सारे व्यवहार नावेने चालत. लग्ने, बाजार, दवाखाना सगळेच. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचे पुष्कर हे स्नानपर्व भरले तेव्हा दोन्ही काठांवर लोकांची रीघ लागली होती. संगमाच्या खाली मेडीगड्डाचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना त्याआधीपासूनच त्याच्या फुगवट्याचे पाणी शेतात शिरल्याचे दुःख आहे. त्यांच्याशी बोलताना नदी अडवण्याचा विषय निघाला की आवाज चढतो, आणि तो चढण्यासारखाच आहे.

भद्राचलमनंतर गोदावरी पापी डोंगरांत शिरते आणि पात्र आवळले जाते. वरच्या मैलभर रुंदीचे पाणी इथे अरुंद घळीतून जाते, म्हणून खोली आणि ओढ दोन्ही वाढतात. सप्टेंबर २०१९ मध्ये कच्चुलूरजवळ पर्यटकांची नाव पुराच्या पाण्यात उलटून मोठी प्राणहानी झाली. बुडालेली नाव काढायलाच महिन्याहून अधिक काळ लागला, इतके तिथे खोल आहे. घळ संपली की पोलावरम, मग राजमहेंद्री आणि तिथला विस्तीर्ण प्रवाह. धवलेश्वरमला कॉटन यांच्या जुन्या बंधाऱ्याची जागा नव्या बंधाऱ्याने घेतली आहे. गोदावरी जिल्ह्यांतले शेतकरी आजही कॉटन यांच्या पुतळ्याला हार घालतात. वरच्या पाण्यात जो माणूस हरला, त्यानेच खालचे पाणी जिंकले होते.

धवलेश्वरमच्या खाली नदीला समुद्राची जाणीव होऊ लागते. गौतमी, वसिष्ठा, वैनतेय अशा फाट्यांतून भरतीचे पाणी वर चढते आणि गोडे पाणी त्याच्यावरून वाहते, कारण खारे पाणी जड असते. गोड्या पाण्याचे घनमीटरला १,००० किलो, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १,०२५. हा अडीच टक्क्यांचा फरक नावेला लगेच कळतो. सरळ बाजूंची, समुद्रात चार मीटर बुडालेली बोट नदीत आली की सुमारे दहा सेंटीमीटर अधिक बुडते. बंदराच्या तोंडाशी वाळूचा उंबरठा असेल तर एवढ्यानेही ती रुतते. १८७६ मध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या आग्रहाने ब्रिटिश कायद्याने जहाजांच्या बाजूवर भाररेषा सक्तीची केली. मालकांनी जास्त माल भरून खलाशांना बुडवू नये यासाठी तो लढा होता. पुढे तिच्या शेजारी गोड्या पाण्याची, उन्हाळी आणि हिवाळी समुद्राची अशा वेगवेगळ्या खुणा आल्या. गणपूरच्या डोंग्यालाही काठाखाली एक रंगीत रेघ आणि तिच्यावर ठाम राहणारा माणूस मिळाला असता तर, असे काकीनाड्याच्या बंदरात जहाजांच्या त्या खुणा पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही.

आंध्रचा किनारा कोकणासारखा नाही. कोकणात डोंगर समुद्रात उतरतात, खाड्या आत घुसतात आणि मचवा, पडाव, होडी यांना वाऱ्यापावसात आसरा मिळतो. मुंबईला उधाणाची भरती चार मीटरहून उंच चढते. ओहोटीला चिखलात बसवलेल्या नावेचा तळ साफ करून पुढच्या भरतीला ती तरंगवता येते. पूर्व किनारा वाळूचा, सरळ आणि उघडा. भरती-ओहोटीतला फरक त्या मानाने थोडा, पण किनाऱ्यालगत फुटणारी लाट बारमाही. फळ्यांना खिळे ठोकून बांधलेली ताठ नाव त्या लाटेने वाळूवर आपटली की फुटते. म्हणून इथल्या लोकांनी मसुला नाव काढली. तिच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, आत ताठ फासळ्या नाहीत, त्यामुळे आपटल्यावर ती दबते आणि पुन्हा आपला आकार घेते. शिवणीतून पाणी झिरपते, ते उपसायला एक माणूस बसतो. दुसरा मार्ग कट्टुमरम, म्हणजे दोरखंडांनी बांधलेले ओंडके. त्यात पाणी शिरायला पोकळीच नाही, लाट वरून येते आणि फटींतून निघून जाते. समुद्राला अडवण्याऐवजी त्याला वाट करून देणारी ही रचना मला जगातल्या कुठल्याही जहाजाइतकी थोर वाटते. गेल्या काही दशकांत फायबरच्या बोटी आणि इंजिने आली, शिवलेल्या नावा जवळजवळ गेल्या. पण फायबरची बोटही इथे उंच नाळेची आणि हलकीच असते, कारण लाट बदललेली नाही.

मासेमारीबंदीचे दिवसही दोन किनाऱ्यांना वेगळे. पूर्वेला १५ एप्रिल ते १४ जून, पश्चिमेला १ जून ते ३१ जुलै. कोकणातला कोळी नारळी पौर्णिमेची वाट पाहतो तेव्हा आंध्रच्या बोटी समुद्रात जाऊन आलेल्या असतात.

नरसापूर आणि कोरिंगा ही दोन्ही गोदावरीमुखांवरची गावे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. नरसापूरला सतराव्या शतकात युरोपी कंपन्या आपली जहाजे बांधून आणि दुरुस्त करून घेत. वरच्या जंगलांतला साग नदीने वाहत येई. ओंडक्यांना ऋतूची अडचण नसते, पुरात सोडले की ते खाली पोहोचतात. गोदावरीच्या खोऱ्याने समुद्राला दिलेली सर्वांत खात्रीची वस्तू कापूस नव्हे, लाकूड होती, असे म्हणता येईल. कोरिंग्याला डिसेंबर १७८९ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १८३९ मध्ये चक्रीवादळाने समुद्र गावावर चढवला. गोद्या, जहाजे, वस्ती सगळे गेले. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी अशा वादळांच्या नोंदी जहाजांच्या रोजनिशींतून गोळा केल्या आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी त्यांवर पुस्तक लिहिले. वारा कुठल्या बाजूने फिरतो आहे यावरून वादळाचे केंद्र कुठे आहे ते ओळखायचे आणि जहाज त्याच्यापासून दूर न्यायचे, हे नियम त्यातून खलाशांच्या हाती आले.

कोरिंगा नंतर सावरले नाही, पण त्याला वादळच एकटे कारणीभूत नव्हते. गोदावरी दरवर्षी गाळ आणून टाकते आणि किनारा पुढे सरकतो. वणीच्या काळ्या जमिनीतून वाहून गेलेली मातीही त्या गाळात असते. खाडी उथळ झाली, मोठी जहाजे लांब राहू लागली. आज तिथे कांदळवनांचे अभयारण्य आहे, आणि समोर याच गाळाने घातलेला वाळूचा लांब बांध, होप बेट. तो उपसागराच्या लाटा अडवतो, म्हणून त्याच्या आतले काकीनाडा हे बंदर झाले.

काकीनाड्याच्या जुन्या बंदरात मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहतात, आणि गोदावरीच्या कालव्यांवर पिकलेला तांदूळ सपाट तळाच्या बार्जेसमधून त्यांच्यापर्यंत जातो. बार्ज उथळ पाण्यासाठी बांधलेली, जहाज खोल पाण्यासाठी. जहाजाच्या बाजूला बार्ज लागली की क्रेनची जाळी खाली येते, पोती वर जातात. बार्ज हळूहळू पाण्यातून वर येते, आणि जहाज आपल्या भाररेषेपर्यंत खाली जाते.